पायउतार होणाऱ्या राष्ट्राध्यक्षाने पुन्हा अर्ज भरावा का? फिलिपिन्समधला हिशेब कसा मांडायचा

फिलिपिन्सच्या राष्ट्राध्यक्षाला सहा वर्षांची एकच मुदत मिळते. ३० जूनला दुपारी बारा वाजता ती सुरू होते आणि सहा वर्षांनी त्याच दिवशी, त्याच वेळी संपते. १९८७ च्या राज्यघटनेने एवढं स्पष्ट लिहिलं. मात्र मुदत संपणाऱ्या राष्ट्राध्यक्षाने दुसरं एखादं पद लढवावं की नाही, यावर तिच्यात अक्षर नाही. त्या मोकळ्या जागेतून ग्लोरिया मॅकापागल आरोयो २०१० मध्ये थेट संसदेत गेल्या, जोसेफ एस्त्रादा मनिलाचे महापौर झाले, आणि रोद्रिगो दुतेर्ते २०२१ मध्ये तीन महिने उपाध्यक्षपद, निवृत्ती आणि सिनेट यांत तळ्यात-मळ्यात करत शेवटी बाहेर राहिले. असा निर्णय पुढ्यात असलेल्या नेत्याच्या सल्लागाराला जे कागद, तारखा आणि धोके तपासावे लागतात, ते इथे मांडले आहेत. मनिलाच्या बातम्या वाचणाऱ्यालाही याच यादीवरून पुढच्या हालचाली ओळखता येतील.

महाराष्ट्रातल्या वाचकाला मुळात यात काय एवढं, असं वाटेल. मुख्यमंत्री राहिलेला माणूस पुढे कुणाच्या तरी हाताखाली मंत्री होतो, याची आपल्याला सवय आहे. शंकरराव चव्हाण, नारायण राणे, अशोक चव्हाण झाले, आणि २०२२ मध्ये देवेंद्र फडणवीस उपमुख्यमंत्री झाले. फिलिपिन्समध्ये मात्र ही पायरी उतरणं संशयास्पद मानलं जातं. हुकूमशहा फर्डिनांड मार्कोस यांच्या वीस वर्षांच्या राजवटीनंतर लिहिलेली घटना आहे. खुर्ची न सोडणाऱ्या माणसाची भीती तिच्या पानापानांत आहे. म्हणून मतदार पहिला प्रश्न "जिंकेल का" हा विचारत नाही, "कशाला हवंय" हा विचारतो. सल्लागारानेही तिथूनच सुरुवात करावी.

आधी कारण, मग पद

नेता पुन्हा उभं राहण्याचं कारण लोकसेवा सांगेल. ते बाजूला ठेवा. खरी कारणं सहसा तीन असतात: खटल्यांची भीती, घराण्याचा मतदारसंघ टिकवणं, आणि पुढच्या सरकारवर दबाव ठेवणं. यातलं पहिलं असेल तर नेत्याला एक गोष्ट अगदी सुरुवातीला समजावून सांगावी लागते, कारण इथेच सगळ्यांत मोठा गैरसमज आहे: निवडून आलेली जागा अटकेपासून वाचवत नाही.

राष्ट्राध्यक्षाला पदावर असेपर्यंत खटल्यापासून जे संरक्षण असतं, ते न्यायालयांच्या निकालांतून आलेलं आहे आणि ३० जूनला दुपारी संपतं. खासदार आणि सिनेटरला घटनेच्या सहाव्या अनुच्छेदाचं अकरावं कलम लागू होतं. त्यात संरक्षण आहे, पण फक्त अधिवेशन चालू असताना आणि फक्त सहा वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांपुरतं. माजी राष्ट्राध्यक्षावर सहा वर्षांच्या आतले गुन्हे कोण लावणार? लागतो तो 'प्लंडर', म्हणजे किमान पाच कोटी पेसोंची सार्वजनिक लूट. त्याची शिक्षा जन्मठेपेच्या तोडीची, आणि पुरावा सबळ असेल तर जामीन नाही.

प्रत्यक्षात काय झालं ते पाहा. आरोयो खासदार असताना नोव्हेंबर २०११ मध्ये निवडणूक-घोटाळ्याच्या आरोपाखाली रुग्णालयातच अटक झाली. जामिनावर सुटल्या, तर ऑक्टोबर २०१२ मध्ये प्लंडरच्या गुन्ह्यात पुन्हा पकडलं. जुलै २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो खटला रद्द करेपर्यंत त्या सरकारी रुग्णालयात स्थानबद्ध होत्या. सिनेटमध्येही तेच. हुआन पोन्से एन्रिले, जिंगॉय एस्त्रादा आणि बाँग रेव्हिया २०१४ मध्ये, लैला दे लिमा २०१७ मध्ये, सगळे पदावर असताना आत गेले. कोठडीतून निवडून आल्यावर सभागृहात हजर राहू द्या, ही मागणीही न्यायालयाने मान्य केलेली नाही. अँटोनियो त्रिलानेस २००७ मध्ये कोठडीतून सिनेटर झाले, पण अधिवेशनाला जाता आलं नाही.

दुतेर्ते यांनी २०२१ मध्ये उपाध्यक्षाला संरक्षण असतं म्हणून आपण ते पद लढवतो, असं जाहीरपणे सांगितलं होतं. घटनेत उपाध्यक्षाला असं संरक्षण देणारं कलम नाही. असलं वाक्य नेत्याच्या तोंडून एकदा बाहेर पडलं की प्रत्येक सभेत तेच विचारलं जातं. कारण भीतीच असेल, तर ते निदान बोलून दाखवू नका.

मग जागेचा उपयोग काय? वेळ काढायला. आरोयो यांना स्थानबद्धतेत असताना २०१३ आणि २०१६ मध्ये मतदारांनी निवडून दिलं. नाव मतपत्रिकेवर राहिलं, मतदारसंघातली माणसं पांगली नाहीत, आणि सरकार बदललं तेव्हा त्या जागेवर होत्या. २३ जुलै २०१८ रोजी, राष्ट्राध्यक्षांच्या वार्षिक अभिभाषणाच्याच दिवशी, त्या सभापती झाल्या. पहिल्यांदा व्यासपीठावर चढल्या तेव्हा माईक बंद होता. आधीच्या सभापतींच्या माणसांनी सहज काही सोडलं नव्हतं. जागा पाच-सात वर्षं सांभाळायची तयारी असेल तरच हा डाव मांडावा. पहिल्या वर्षातच ती उपयोगी पडेल असं नेत्याला वाटत असेल, तर त्याचा गैरसमज दूर करणं हे सल्लागाराचं काम.

कोणतं पद

राष्ट्राध्यक्षपद पुन्हा? निवडून आलेल्याला निदान लगेच नाही. "कोणतीही फेरनिवडणूक नाही" ही बंदी फक्त सलग मुदतीला आहे की कायमची, हे सर्वोच्च न्यायालयाने अजून ठरवलेलं नाही. एस्त्रादा २०१० मध्ये पुन्हा राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले. आव्हान न्यायालयात पोचलं, पण ते बेनिग्नो आकिनो तिसरे यांच्याकडून हरले, दुसरे आले, आणि प्रश्नच उरला नाही म्हणून याचिका निकाली निघाली. जिंकले असते तर निकाल लागला असता. याचा अर्थ वाट मोकळी आहे असा लावणारा वकील भेटेल. त्याला विचारा, कोट्यवधी पेसो खर्च करून जिंकल्यावर न्यायालयाने विरुद्ध निकाल दिला तर काय? दुसरा एक अपवाद आहे: मध्येच पद सांभाळायला आलेल्याने चार वर्षांपेक्षा जास्त काळ काम केलं नसेल तर तो एकदा लढू शकतो. आरोयो २००१ मध्ये एस्त्रादा यांच्या जागी आल्या आणि २००४ ला लढल्या त्या याच दारातून.

उपाध्यक्षपदाची निवडणूक तिथे वेगळी होते. राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि उपाध्यक्ष दुसऱ्याचा असं सर्रास घडतं. मावळत्या राष्ट्राध्यक्षासाठी ही सगळ्यांत वाईट निवड. राष्ट्राध्यक्ष गेला तर उपाध्यक्ष त्या खुर्चीवर बसतो, म्हणजे मागच्या दाराने फेरनिवड, हा आक्षेप कुणालाही समजतो. शिवाय पदाला स्वतःचं काम जवळजवळ नाही. खातं मिळालं तर राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीने.

सिनेटमध्ये चोवीस जागा. दर तीन वर्षांनी बारा भरतात, मुदत सहा वर्षं. मतदारसंघ म्हणजे अख्खा देश. मतदार बारा नावं निवडतो, त्यामुळे बाराव्या क्रमांकावर आलेलाही पहिल्याइतकाच सिनेटर. लोकप्रियता उतरणीला लागलेल्या नेत्याला हे सोयीचं वाटतं. पण प्रचार देशभर, नव्वद दिवस, आणि तोही वय सत्तरीच्या पुढे असताना. दुतेर्ते यांनी डिसेंबर २०२१ मध्ये माघार घेतली ती याच पदावरून.

प्रतिनिधी सभागृहातली जागा ही व्यवहारी निवड. मतदारसंघ लहान, प्रचार पंचेचाळीस दिवसांचा, मुदत तीन वर्षं आणि सलग तीन मुदती चालतात. आरोयो यांचा पंपांगा प्रांतातला दुसरा मतदारसंघ म्हणजे लुबाओ, गुआगुआ, फ्लोरिदाब्लांका, पोराक, सांता रिता आणि सासमुआन ही सहा गावं. लुबाओ हे त्यांच्या वडिलांचं, माजी राष्ट्राध्यक्ष दिओसदादो मॅकापागल यांचं गाव. बालेकिल्ला असाच लागतो: निम्मा मतदार आडनावाने ओळखणारा.

महापौरपदाला मान कमी वाटेल, पण पैसा, पोलिसांवरचा प्रभाव आणि रोजचा लोकांशी संबंध यांत ते खासदारकीपेक्षा वजनदार आहे. मर्यादा इथेही सलग तीन मुदतींची. नेता अडचणीत असेल तर उपमहापौराचा उमेदवार तोच खरा महापौर होणार असं समजून निवडा. दुतेर्ते मे २०२५ मध्ये हेगला, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या कोठडीत असताना दावाओचे महापौर म्हणून निवडून आले. शपथेला पोचू शकले नाहीत आणि कारभार उपमहापौर निवडून आलेल्या मुलाकडे, सेबास्टियनकडे गेला. कायदाच तसा आहे.

तारखा उलट्या मोजा

निवडणूक मे महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी. पुढची राष्ट्राध्यक्षीय निवडणूक ८ मे २०२८ ला येते. तिथून मागे या.

खासदारकीसाठी त्या मतदारसंघात मतदानाच्या आधी सलग एक वर्षाचा रहिवास लागतो, म्हणजे ८ मे २०२७ च्या आत मुक्काम हलायला हवा. उमेदवाराचं नाव त्याच मतदारसंघाच्या यादीत हवं. आपल्याकडे लोकसभेला देशात कुठल्याही यादीत नाव असलं की चालतं, वर दोन जागांवर अर्ज भरता येतात. तिथे दोन्हीची सोय नाही. नाव हलवायचा अर्ज स्थानिक नोंदणी मंडळापुढे जातो आणि ते तीन महिन्यांतून एकदा बसतं. शेवटच्या बैठकीवर विसंबू नका, कारण हरकत आली तर एक बैठक वाया जाते. मतदानाआधीच्या १२० दिवसांत तर नोंदणी बंदच असते.

उमेदवारी अर्ज निवडणूक आयोग, म्हणजे कोमेलेक, ठरवेल त्या आठवड्यात घेतले जातात. अलीकडे तो आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा असतो. २०२१ मध्ये १ ते ८ ऑक्टोबर होता. म्हणजे नेत्याच्या हाती निर्णयासाठी शेवटचं वर्ष नसतंच. राष्ट्रीय पदांचा प्रचार फेब्रुवारीत, स्थानिक पदांचा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होतो. मार्चच्या ८ तारखेच्या सुमाराला आणखी एक दार बंद होतं: निवडणुकीआधीच्या दोन महिन्यांपासून मुदत संपेपर्यंत राष्ट्राध्यक्षाला नेमणुका करता येत नाहीत. आपली माणसं बसवायची असतील तर ती त्याआधी. सरन्यायाधीशाची नेमणूक या बंदीत येत नाही, असं न्यायालयाने २०१० मध्ये ठरवलं आणि आरोयो यांनी मे महिन्यात ती केली. पुढच्या राष्ट्राध्यक्षाने त्या सरन्यायाधीशाला २०१२ मध्ये महाभियोगाने काढायला लावलं, हेही हिशेबात धरा.

सोयीची गोष्ट एकच. खासदाराची मुदतही ३० जूनच्या दुपारीच सुरू होते. एका खुर्चीवरून उठायचं आणि त्याच मिनिटाला दुसरीवर बसायचं. मध्ये एक दिवसाचाही खंड नाही.

रहिवास: सगळ्यांत जास्त अर्ज इथे अडकतात

राष्ट्राध्यक्षाच्या मलाकान्यांग राजवाड्यात राहिल्याने मनिलाचा रहिवासी होत नाही आणि गावाचा रहिवासही जात नाही. न्यायालय पाहतं ते मूळ घर: माणूस कुठे परत जाण्याचा इरादा ठेवतो. हे तत्त्व १९९५ च्या दोन निकालांत एकाच दिवशी, १८ सप्टेंबरला, दोन्ही बाजूंनी स्पष्ट झालं.

इमेल्दा मार्कोस यांनी लेते प्रांतातून खासदारकीचा अर्ज भरताना रहिवासाच्या रकान्यात सात महिने लिहिलं. कोमेलेकने अपात्र ठरवलं. न्यायालय म्हणालं, लहानपणापासून लेते हे मूळ घर आहे, ते कधी सोडलेलं नाही, रकान्यातली चूक ही चूकच, जागा राहिली. दुसरीकडे बुट्झ आकिनो यांनी मकातीत भाड्याचा फ्लॅट घेऊन तिथून निवडणूक जिंकली. मूळ घर तार्लाकचं. भाडेकरार दाखवून इरादा सिद्ध होत नाही म्हणत न्यायालयाने अपात्र ठरवलं.

यावरून काम असं करायचं. मूळ गावातून लढत असाल तर अर्जात महिने मोजताना राष्ट्राध्यक्षपदाची वर्षं वजा करू नका. नव्या गावात जात असाल तर भाड्याचं घर घेऊ नका, विकत घ्या. जुनं घर विका किंवा मुलांच्या नावे करा. मतदार नोंदणी हलवा. कराचा पत्ता बदला. आणि हे सगळं मतदानाच्या एक वर्षापेक्षा बरंच आधी. एस्त्रादा सान हुआनचे जुने महापौर, पण २०१३ ला मनिला लढवायची होती म्हणून त्यांनी मनिलाच्या सांता मेसा भागात घर घेतलं. त्या मुद्द्यावर त्यांना कुणी हलवू शकलं नाही.

अर्ज आणि पक्षाची सही

आपल्यासारखी अनामत रक्कम तिथे नाही. अशी अट न्यायालयाने १९६५ मध्येच रद्द केली. अर्ज नोटरीसमोर शपथेवर भरायचा, सोबत पक्षाने उमेदवारी दिल्याचं आणि ती स्वीकारल्याचं पत्र. एका माणसाने एकाच पदाचा अर्ज भरायचा. दोन भरले आणि मुदतीत एक मागे घेतला नाही, तर दोन्ही बाद.

पत्रावर सही कुणाची, यावर नीट लक्ष द्या. २०२१ मध्ये दुतेर्ते यांच्या पक्षात दोन गट पडले आणि दोघंही आपणच खरा पक्ष म्हणत कोमेलेककडे गेले. आयोगाचा निर्णय यायच्या आत अर्जाची तारीख येते. ज्याची सही नंतर खोटी ठरेल त्याच्या उमेदवाराला अपक्ष धरतात, आणि अपक्षाच्या जागी बदली उमेदवार देता येत नाही. म्हणूनच दुतेर्ते यांनी सिनेटसाठी आपल्या पक्षाऐवजी एक लहानसा, भांडण नसलेला पक्ष वापरला.

बदली उमेदवाराची युक्ती महाराष्ट्रातल्या डमी अर्जाच्या जवळची आहे, फक्त अवधी जास्त होता. पक्षाने ऑक्टोबरमध्ये कुणाचाही अर्ज भरून ठेवायचा, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत त्याने माघार घ्यायची आणि खरा उमेदवार त्याच्या जागी. दुतेर्ते यांनी २ ऑक्टोबर २०२१ ला निवृत्ती जाहीर केली आणि १५ नोव्हेंबरला, शेवटच्या दिवशी, वकिलाकरवी सिनेटचा अर्ज भरला. दोन दिवस आधी त्यांच्या मुलीने दुसऱ्याच पक्षातून उपाध्यक्षपदाचा अर्ज भरला होता. बाप-लेकीची लढत टळली, पण सहा आठवड्यांत लोकांसमोर एवढ्या कोलांटउड्या झाल्या की माघार घेतली तेव्हा कुणाला आश्चर्य वाटलं नाही. २०२५ च्या निवडणुकीसाठी कोमेलेकने ही सवलत आवळली: माघारीमुळे होणारी बदली अर्ज भरायच्या मुदतीतच करायची. मृत्यू किंवा अपात्रतेचं प्रकरण वेगळं. तेव्हा जुन्या वेळापत्रकावर बेत आखू नका. त्या वर्षाचा आयोगाचा ठराव वाचून मगच.

अर्जात महत्त्वाची खोटी माहिती दिल्याची तक्रार अर्ज भरल्यापासून पंचवीस दिवसांत करता येते. या तक्रारीने अर्ज रद्द झाला तर तो माणूस कधी उमेदवार नव्हताच असं धरतात, आणि नसलेल्या उमेदवाराला बदली कसला? पक्षाची जागाच जाते. साध्या अपात्रतेत तसं होत नाही. विरोधकाचा वकील हुशार असेल तर तो पहिलीच वाट धरेल.

शिक्षा झालेला आणि माफी मिळालेला नेता असेल तर माफीनाम्याचा शब्द न् शब्द वाचा. एस्त्रादा यांना २००७ मध्ये प्लंडरच्या शिक्षेनंतर माफी मिळाली. माफीनाम्याच्या प्रस्तावनेत त्यांनी पुन्हा निवडणूक न लढवण्याचं वचन दिल्याचा उल्लेख होता. आदेशाच्या भागात मात्र नागरी आणि राजकीय हक्क परत दिल्याचं लिहिलं होतं. न्यायालयाने जानेवारी २०१५ मध्ये ११ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की प्रस्तावना ही अट होत नाही. महापौरपद वाचलं.

घरातली जागा मोकळी करणं

बालेकिल्ल्यात बहुधा आपलंच कुणीतरी बसलेलं असतं. पंपांगाच्या दुसऱ्या मतदारसंघात आरोयो यांचा मुलगा मिकी खासदार होता. त्याने आईसाठी जागा सोडली आणि सुरक्षारक्षक व तीनचाकी रिक्षाचालकांचं प्रतिनिधित्व सांगणाऱ्या यादी-पक्षाकडून तो स्वतः संसदेत गेला. वंचित घटकांसाठी ठेवलेल्या जागेवर राष्ट्राध्यक्षांचा मुलगा, यावर जी टीका झाली ती आईच्या वाट्यालाही आली. घराणेशाहीला घटनेत मनाई आहे, पण "कायद्याने व्याख्या केल्याप्रमाणे", आणि तो कायदा संसदेने आजवर केलेला नाही. ज्यांनी करायचा तेच त्या व्याख्येत बसतात.

स्वच्छ पद्धत दुतेर्ते घराण्याने दावाओत दाखवली. तीन मुदती संपल्या की बाप उपमहापौर, मुलगी सारा महापौर. तीन वर्षांनी बाप परत महापौर. कुणाला तिसऱ्या पक्षात पाठवावं लागलं नाही. जागा सोडणाऱ्या नातलगाला काय मिळणार, हे अर्जाच्या सहा महिने आधी घरात ठरलेलं असावं. नाहीतर ते भांडण प्रचारात बाहेर येतं.

खुर्चीवर असताना प्रचार

मंत्र्याने अर्ज भरला की त्याचं पद आपोआप जातं, निवडून आलेल्याचं जात नाही. राष्ट्राध्यक्ष निवडून आलेला, म्हणून तो राजीनामा न देता लढू शकतो. कायद्याने चालतं, दिसायला फार वाईट दिसतं. सरकारी हेलिकॉप्टरने गावात उतरायचं, पुलाचं उद्घाटन करायचं आणि त्याच दुपारी मतं मागायची, यातलं सरकारी काम कुठे संपलं हे कुणी सांगू शकत नाही. सरकारी साधनं प्रचाराला वापरणं हा निवडणूक गुन्हा आहे. मतदानाआधीच्या पंचेचाळीस दिवसांत सार्वजनिक बांधकामांवर बंदी असते, म्हणून उद्घाटनं मार्चच्या मध्यापर्यंत उरका. प्रचाराच्या दिवसांत दौऱ्याच्या दोन वेगळ्या वह्या ठेवा, सरकारी आणि उमेदवाराची. गाडी, चालक, जेवण, सगळं वेगळं. खर्चाची कमाल मर्यादा पक्षाच्या खासदारकी उमेदवाराला मतदारामागे तीन पेसो आहे, जी कुणाला पुरत नाही. पण हिशेब मतदानानंतर तीस दिवसांत द्यावाच लागतो.

आणि या काळात घटनादुरुस्तीचं नाव काढू नका. जून २००९ मध्ये आरोयो यांच्या समर्थकांनी सभागृहात घटना बदलण्यासाठी बैठक बोलावण्याचा ठराव मंजूर केला. सहा महिन्यांनी त्यांनी खासदारकीचा अर्ज भरला. लोकांनी दोन्ही जोडून वाचलं: संसदीय पद्धत आणायची आणि पंतप्रधान व्हायचं. खरं असो की नसो, ते पुसता आलं नाही.

निकालानंतर

पंपांगात आरोयो प्रचंड मतांनी जिंकल्या, आणि ३० जूनपासून त्या विरोधी बाकावरच्या एक खासदार उरल्या. सभापतिपद त्यांच्या गटाकडे राहील असा अंदाज होता. पण तिथे पक्षांतराला आळा घालणारा कायदा नाही, आणि निधी राष्ट्राध्यक्षाच्या हातात असतो. मे ते जुलैमध्ये त्यांच्या पक्षाचे कितीतरी खासदार नव्या राष्ट्राध्यक्षाच्या लिबरल पक्षाकडे सरकले. उगवत्या सूर्याला नमस्कार करायला तिथे वेळ लागत नाही. तेव्हा सभागृहात पाठीशी उरतील अशी माणसं मोजताना आजचा आकडा धरू नका. ज्यांचा खटला, नातं किंवा धंदा नेत्याशी बांधलेला आहे तेवढेच मोजा.

लढायचं नसेल तर

हे सोपं वाटतं, पण जाहीर करण्याची वेळ चुकली तर नुकसान होतं. मुदत संपायच्या खूप आधी "मी आता लढणार नाही" म्हटलं की मंत्री, खासदार आणि अधिकारी पुढच्याच्या दारात जातात. आरोयो यांनी ३० डिसेंबर २००२ ला, रिझाल दिनी, पुढच्या निवडणुकीत उतरणार नाही असं सांगितलं. दहा महिन्यांत शब्द फिरवला आणि २००४ ला लढल्या. पुढची सहा वर्षं तो शब्द त्यांना ऐकवला गेला.

योग्य वेळ म्हणजे अर्ज भरायची मुदत संपल्यावरची. तोपर्यंत गुलदस्त्यात ठेवा. नंतर घोषणेची गरजच उरत नाही, नाव यादीत नाही हेच पुरेसं. तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष कोराझोन आकिनो यांना १९९२ मध्ये लढण्याचा आग्रह झाला होता. नवी बंदी त्यांच्या आधीच्या निवडीला लागू नाही असा युक्तिवादही तयार होता. त्यांनी नकार दिला, फिदेल रामोस यांना पाठिंबा दिला आणि शपथविधीनंतर सरकारी मर्सिडीजऐवजी स्वतः विकत घेतलेल्या पांढऱ्या टोयोटातून घरी गेल्या. उमेदवार मात्र त्यांनी वेळेत निवडला होता. न लढणाऱ्या राष्ट्राध्यक्षाने उमेदवार निवडला नाही, किंवा निवडून त्याच्यामागे पैसा आणि माणसं उभी केली नाहीत, तर ३० जूनच्या दुपारनंतर त्याचा फोन उचलायला सरकारात कुणी नसतं, आणि खटल्यांच्या फायली त्याच आठवड्यात बाहेर निघायला लागतात.